न्यूट्रॉन तारा कशाच्या बळावर उभा आहे?

प्रति,
मा. संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडेच न्यूट्रॉन ताऱ्यांवर, म्हणजे मोठा तारा फुटल्यावर मागे उरणाऱ्या अतिघन गोळ्यांवर, एक लेख वाचला. बेळगावातील मराठी वृत्तपत्राने या विषयाला अर्धे पान द्यावे ही मोठी गोष्ट आहे, आणि लेखाची भाषाही शाळकरी मुलांना समजेल अशी होती. मात्र त्यातील दोन विधाने मला खटकली. 'न्यूट्रॉन तारा हा निव्वळ न्यूट्रॉनांचा गोळा असतो' हे पहिले, आणि 'न्यूट्रॉन दाटीवाटीने बसल्यामुळे तो आणखी कोसळत नाही' हे दुसरे. दोन्ही विधाने जुन्या पुस्तकांतून चालत आलेली आहेत, त्यामुळे लेखकाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु पहिले विधान अपुरे आहे आणि दुसऱ्याचा अपुरेपणा १९३९ सालीच उघड झाला होता. पत्र लांबले आहे, पण ज्या प्रश्नामुळे ते लिहायला बसलो तो चार ओळींत मिटणारा नाही.

मी उद्यमबागेतील एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. गेली काही वर्षे दर रविवारी संध्याकाळी जांबोटी रस्त्यावरील एका गावी मराठी शाळेच्या पटांगणात आम्ही मुलांना आकाश दाखवतो. मार्गशीर्षातील एका रात्री पूर्वेला कृत्तिका आणि रोहिणी चांगल्या वर आल्या होत्या. वृषभाच्या शिंगाच्या टोकाकडे बोट करून मी सांगत होतो की, तेथे १०५४ साली एक तारा फुटल्याची नोंद चिनी निरीक्षकांनी करून ठेवली आहे, त्या स्फोटाचा ढग आजही दुर्बिणीतून दिसतो, आणि ढगाच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे तीस वेळा स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा आहे. मफलर गुंडाळून मागे उभी असलेली आठवीतील एक मुलगी म्हणाली, "सर, सुटा न्यूट्रॉन पंधरा मिनिटांत मोडतो असं तुम्हीच मागच्या रविवारी फळ्यावर लिहिलं होतं. मग हा तारा इतकी वर्षं कसा राहिला?"

प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. अणुकेंद्रकाच्या बाहेर एकटा पडलेला न्यूट्रॉन सरासरी ८८० सेकंदांच्या आसपास टिकतो, म्हणजे पंधरा मिनिटेही पुरती नाहीत. तारा निव्वळ न्यूट्रॉनांचा असता आणि त्यांच्यावर दुसरे कोणतेही बंधन नसते, तर ते मोडू लागायला एका तासिकेचाही वेळ लागला नसता. त्या रात्री मी मुलीला अर्धेच उत्तर देऊ शकलो. उरलेले अर्धे नंतर कागदावर मांडले, आणि ते मांडताना लक्षात आले की आपल्या लेखातील दोन्ही विधानांची दुरुस्ती याच उत्तरात दडलेली आहे.

न्यूट्रॉन मोडतो तेव्हा त्याचा प्रोटॉन होतो, आणि सोबत एक इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो नावाचा एक अतिहलका, विद्युतभार नसलेला कण बाहेर पडतो. या घटनेत ०.७८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) एवढी ऊर्जा मोकळी होते. नव्या इलेक्ट्रॉनच्या वाट्याला फार तर तेवढीच येऊ शकते. इलेक्ट्रॉनांना एक कडक नियम लागू आहे, जो वुल्फगांग पाउली यांनी १९२५ साली मांडला: एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन बसू शकतो. गावजेवणाची पंगत डोळ्यांपुढे आणावी. पुढच्या रांगा आधी भरतात, नंतर आलेल्याला मागे जावे लागते, आणि येथे प्रत्येक मागची रांग म्हणजे अधिक ऊर्जेची पातळी. न्यूट्रॉन ताऱ्याच्या आत दाटी इतकी असते की इलेक्ट्रॉनांची ही पंगत सुमारे शंभर मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या रांगेपर्यंत गच्च भरलेली असते. पदरात पाऊणएक मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन येणाऱ्या नव्या इलेक्ट्रॉनला पुढच्या रांगांत एकही पान रिकामे नसते आणि मागच्या रिकाम्या पानापर्यंत पोहोचण्याइतकी ऊर्जा त्याच्याजवळ नसते. त्याला जागा नाही, म्हणून तो जन्मू शकत नाही. तो जन्मू शकत नाही, म्हणून न्यूट्रॉन मोडू शकत नाही.

यातून पुढची गोष्ट आपोआप निघते. न्यूट्रॉन टिकायचे तर इलेक्ट्रॉनांची पंगत आधी भरलेली हवी, म्हणजे ताऱ्यात इलेक्ट्रॉन हवेतच, आणि विद्युतभार तोलण्यासाठी प्रोटॉनही हवेत. गाभ्यात दर शंभर कणांमागे काही थोडे, फार तर दहा-बाराच्या घरात, प्रोटॉन असतात असा हिशेब आहे. इलेक्ट्रॉनांच्या शेवटच्या रांगेची ऊर्जा १०६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे गेली की निसर्गाला नवा इलेक्ट्रॉन बसवण्यापेक्षा त्याचा जड भाऊ, म्युऑन, बसवणे स्वस्त पडते. पृथ्वीवर म्युऑन सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सुमारे दोन-सव्वादोन भागांत संपतो. ताऱ्याच्या गाभ्यात त्याच पंगतीच्या नियमाने तोही टिकून राहतो. तेव्हा 'निव्वळ न्यूट्रॉनांचा गोळा' हे वर्णन ज्या कणांमुळे न्यूट्रॉन जिवंत आहेत त्यांनाच वगळून टाकते.

बाहेरून आत जाऊ लागलो तर न्यूट्रॉन बऱ्याच उशिरा भेटतात. अशा ताऱ्याची त्रिज्या बारा किलोमीटरच्या आसपास असते; म्हणजे व्यास बेळगावहून खानापूरला जाण्याइतका, आणि एवढ्या गोळ्यात सूर्याच्या दीडपट वस्तुमान. त्याचे कवच साधारण एक किलोमीटर जाडीचे असते, आणि या कवचाच्या माथ्यावर मुख्यत्वे लोखंड असावे असे मानतात. मी आयुष्यभर लोखंडाचीच परीक्षा केली, त्यामुळे हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला फार जवळचे वाटले. आमच्या बिडाचा एक घन सेंटीमीटरचा तुकडा तराजूत टाकला तर सव्वासात ग्रॅम भरतो. तो भरीव दिसतो, पण आतून जवळजवळ रिकामा असतो: लोखंडाचे अणुकेंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढे मानले तर शेजारचा दाणा शंभरेक मीटरवर सापडेल. कवचात खाली उतरताना ही पोकळी नाहीशी होते. वाढत्या दाटीने मागच्या रांगांतले इलेक्ट्रॉन केंद्रकांतील प्रोटॉनांत घुसू लागतात, प्रोटॉनांचे न्यूट्रॉन होतात, आणि केंद्रके न्यूट्रॉनांनी इतकी फुगतात की घन सेंटीमीटरला चार लाख टनांच्या घनतेशी न्यूट्रॉन त्यांतून अक्षरशः ठिबकू लागतात.

कवचाच्या तळाशी जे घडते ते मुलांना सर्वांत आवडले. तेथे केंद्रके एकमेकांना टेकण्याच्या बेतात असतात. त्यांना एकत्र खेचणारे केंद्रकीय बल आणि प्रोटॉनांना दूर ढकलणारे विद्युत बल यांच्या ओढाताणीत गोल केंद्रके आधी लांबट होतात, मग त्यांचे दांडे बनतात, मग पातळ थर. १९८३ साली ही कल्पना मांडली गेली आणि पाश्चात्त्यांनी तिला आपल्या इटालियन जेवणातील पदार्थांची नावे दिली. आपल्याकडे त्यासाठी नावे उसनी आणण्याची गरज नाही. सुट्या केंद्रकांना बुंदी म्हणावे, दांड्यांना शेवया, आणि थरांना बेळगावचे मांडे. त्याही खाली द्रव्य सलग होऊन त्यात फक्त छिद्रे उरतात, ती अनारशाची जाळी. फळ्यावर ही चार चित्रे काढली तेव्हा कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागले नाही. एक मुलगा मात्र हे पदार्थ मऊ असतील का असे विचारत होता. ते अतिशय कणखर असावेत असा संगणकीय अंदाज आहे.

आता दुसरे विधान, की दाटीमुळे तारा तोलून धरला जातो. पंगतीचा नियम न्यूट्रॉनांनाही लागू आहे, आणि त्यातून बाहेर ढकलणारा दाब निर्माण होतो हे खरे आहे. श्वेत बटू ताऱ्यांना, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यांच्या विझत चाललेल्या दाट अवशेषांना, इलेक्ट्रॉनांचा असाच दाब सावरतो. त्याला मर्यादा आहे हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर ओळखले, आणि सूर्याच्या सुमारे १.४ पट ही मर्यादा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. चॅडविक यांना १९३२ साली न्यूट्रॉन सापडला, आणि दोनच वर्षांत बाडे व झ्विकी यांनी फुटलेल्या ताऱ्याच्या जागी न्यूट्रॉनांचा तारा उरत असावा असे सुचवले. मग १९३९ साली ओपेनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी नेमका आपल्या लेखातला हिशेब केला: न्यूट्रॉनांमध्ये परस्पर कोणतेही बल नाही, फक्त दाटी आहे, असे धरले तर किती वजनाचा तारा तोलला जाईल? उत्तर आले, सूर्याच्या ०.७ पट. त्याहून जड असेल तर कोसळेल.

हा आकडा मला या साऱ्या विषयाचे मर्म वाटतो. १९६७ साली जोसलिन बेल यांना केंब्रिजच्या रेडिओ दुर्बिणीत १.३४ सेकंदांच्या ठेक्याने येणारे संकेत मिळाले, न्यूट्रॉन तारे खरोखर असल्याचे ठरले, आणि जोडीने फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षांवरून त्यांची वजने काढता येऊ लागली, तेव्हा अनेकांची वजने सूर्याच्या १.४ पटीजवळ निघाली. २०१० आणि २०१३ साली तर दुपटीच्या आसपासचे दोन तारे सापडले. नुसती दाटी ०.७ पेलते आणि प्रत्यक्षात दोन पेलले जातात, तर उरलेला भार कोण उचलते?

तो केंद्रकीय बल उचलते. न्यूट्रॉन आणि प्रोटॉन एक-दोन फेम्टोमीटर (मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक फेम्टोमीटर) अंतरावर असताना हे बल त्यांना एकमेकांकडे ओढते, आणि त्यामुळेच आपल्या शरीरातील अणुकेंद्रके एकसंध राहतात. परंतु अंतर अर्ध्या फेम्टोमीटरच्या घरात आले की तेच बल जोराने दूर लोटते. साध्या केंद्रकात द्रव्याची घनता घन सेंटीमीटरला सुमारे २८ कोटी टन असते. ताऱ्याच्या गाभ्यात ती याच्या कित्येक पट होते, आणि तेथे हे लोटणे निर्णायक ठरते. म्हणजे ताऱ्याचे वजन अखेरीस त्याच बलाच्या दुसऱ्या बाजूवर टेकलेले आहे, ज्याची पहिली बाजू आपले अणू सांभाळते. विद्यार्थ्यांना नुसती 'दाटी' सांगून थांबलो तर ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

फाउंड्रीत मोठे कास्टिंग ओतताना त्याच लाडलमधून, म्हणजे रस ओतण्याच्या भांड्यातून, एक छोटा टेस्ट बार ओततात. मोठे कास्टिंग मोडून पाहता येत नाही, म्हणून टेस्ट बार यंत्रावर ताणून तोडायचा आणि त्यावरून मोठ्याच्या ताकदीचा निर्णय द्यायचा, हे मी हजारो वेळा केले आहे. न्यूट्रॉन ताऱ्याचाही असा टेस्ट बार पृथ्वीवर आहे: शिशाचे अणुकेंद्रक. त्यात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात, आणि जादा न्यूट्रॉन बाहेरच्या बाजूला साल धरतात. न्यूट्रॉनांचा आपसातला दाब जितका अधिक, तितकी ही साल जाड, आणि तितकाच ताराही मोठा. अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेत शिशावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून ही साल मोजली गेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेला आकडा ०.२८ फेम्टोमीटर होता. केंद्रक आणि तारा यांच्या आकारांत एकावर अठरा शून्ये एवढा फरक असताना दोघांचा फुगवटा एकाच दाबाने ठरतो, हे वाचून मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही.

गाभ्याच्या अगदी मध्यभागी काय आहे, हे मात्र आज कोणीही ठामपणे सांगू शकत नाही, आणि आपल्या लेखाने हीच जागा न बोलता ओलांडली. येथे पुन्हा पंगतीकडे यावे लागते. न्यूट्रॉनांच्या रांगाही मागे मागे भरत जातात. न्यूट्रॉनचे वस्तुमान ऊर्जेच्या भाषेत ९४० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि हायपेरॉन या न्यूट्रॉनहून जड कणांच्या कुळातील लॅम्डा नावाच्या कणाचे १११६. न्यूट्रॉनांच्या शेवटच्या रांगेची ऊर्जा हा फरक ओलांडू लागली की काही न्यूट्रॉनांचे लॅम्डा व्हायला हवेत, कारण लॅम्डाची पंगत अजून मोकळी आहे. पृथ्वीवरील प्रयोगांत लॅम्डा सेकंदाच्या सुमारे चारशे कोटीव्या भागात मोडून जातो. ताऱ्यात तो टिकेल, त्याच कारणाने ज्याने त्या मुलीचा न्यूट्रॉन टिकला. परंतु कण नव्या पंगतीत विभागले गेले की दाब उतरतो, आणि दाब उतरला तर सूर्याच्या दुप्पट वजनाचा तारा उभा राहू नये. तसे तारे तर आहेत. हायपेरॉन यायला हवेत आणि आले तर तारा कोसळायला हवा, हे कोडे अजून सुटलेले नाही. काहींच्या मते हायपेरॉनांमध्येही जवळून लोटणारे बल असावे. दुसरी शक्यता अशी की न्यूट्रॉन एकमेकांत इतके मिसळतात की त्यांच्यातील क्वार्क, म्हणजे ज्या मूलकणांचे ते बनलेले असतात ते, कोणा एकाचे न राहता सगळीकडे मोकळे होतात. क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या बलाचे समीकरण १९७३ पासून ठाऊक आहे, तरीही एवढ्या घनतेला ते संगणकावर सोडवण्याची रीत हाती आलेली नाही. तेव्हा 'गाभ्यात क्वार्क असतात' असे कोणी छापले, तर त्यालाही माझी हीच हरकत राहील.

उत्तराकडे नेणारी मोजमापे मात्र चालू आहेत. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर नोंदल्या गेल्या. टकरीपूर्वी ते एकमेकांच्या ओढीने फारसे ताणले गेले नव्हते, यावरून त्यांचा आकार लहान आणि द्रव्य फार ताठर नसून काहीसे दबणारे असल्याचे दिसले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील 'नायसर' या क्ष-किरण उपकरणाने पुढे सूर्याच्या सुमारे २.०८ पट वजनाच्या ताऱ्याची त्रिज्या मोजली, आणि ती १.४ पट वजनाच्या ताऱ्यांच्या त्रिज्येहून फारशी निराळी निघाली नाही. एवढे वजन चढूनही तारा आक्रसत नसेल, तर आत कोठेतरी दाब घट्ट उभा आहे. आपल्याजवळ निलगिरीतील उटीची आणि नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण अशा ताऱ्यांचा ठेका वर्षानुवर्षे मोजत आहेत. 'वेला' नावाचा तारा १९६९ साली अचानक सुमारे दहा लाखांत दोन भागांनी वेगवान झाल्याचे दिसले आणि त्यानंतरही तो अशा उसळ्या घेत आला आहे. कवचातील न्यूट्रॉन जोड्या जमवून घर्षणाविना वाहू लागतात आणि साठवलेले फिरणे एकदम कवचाला देऊन टाकतात, हे त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. ताऱ्याच्या आतील तापमान कोट्यवधी अंश असते. आमच्या भट्टीतील चौदाशे अंशांचा रस मी तप्त म्हणत असे, पण पंगतीच्या शंभर मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या मानाने ते कोट्यवधी अंशही इतके थोडे आहेत की पदार्थविज्ञानाच्या हिशेबात हा तारा थंडच गणला जातो. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे. आज आठवीत असलेल्या खानापूर तालुक्यातील मुलीला तेथे पुढे काम करता येईल, यात मला काहीच अशक्य वाटत नाही.

आपणाकडे एक विनंती आहे. पुरवणीत या लेखाची दुरुस्ती छापताना सोबत ताऱ्याचे एक आडवे छेदचित्र द्यावे, म्हणजे शाळांना ते कापून भिंतीवर लावता येईल. प्रमाण सोपे आहे: बारा सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर एक सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि बाहेरचा एक सेंटीमीटर कवचाचा. कवचाच्या माथ्यावर लोखंड लिहावे, तळाशी बुंदी, शेवया, मांडे आणि जाळी दाखवावी, त्याच्या आत न्यूट्रॉनांबरोबर प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि म्युऑन यांची नावे यावीत. अगदी मधली दोन-तीन सेंटीमीटरची जागा कोरी ठेवावी, आणि ती छपाईत चुकून राहिलेली नाही हे खाली एका ओळीत स्पष्ट करावे. चित्राचा कच्चा आराखडा मी तयार केला आहे. आपण सांगाल त्या दिवशी कार्यालयात आणून देईन.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
टिळकवाडी, बेळगाव